सत्तरीपुढच्या माणसाचं पित्ताच्या पिशवीचं दुर्बिणीतून ऑपरेशन: घरच्यांनी काय काय करायचं

आमच्या इंदूरला थंडी पडली की सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (एक कंद) तळायला लागतात, आणि मागच्या थंडीत आईने (वय ७४) त्यातले चार-पाच तुकडे जीरावन मसाला टाकून खाल्ले आणि रात्री "गॅस झालाय गं" म्हणून उठून बसली. ओवा झाला, हिंग झालं, सोडा झाला. दुसऱ्या दिवशी ताप नाही, फार दुखतंय असंही नाही, फक्त जेवेना आणि गप्प गप्प. तिसऱ्या दिवशी सोनोग्राफीत पिशवी सुजलेली निघाली आणि आत खडे. त्याआधी चार वर्षांपूर्वी मामांचं (वय ७८, हार्टला स्टेंट) हेच ऑपरेशन झालेलं, आणि दोन्ही वेळेला फायली घेऊन पळणारी मीच, त्यामुळे आता ओळखीत कुणाच्या घरी पथरी निघाली की फोन मलाच येतो. रोज तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांबद्दल जे लिहिलंय ते डॉक्टरांना नीट विचारता यावं म्हणून आहे, आपल्या मनाने करण्यासाठी नाही.

पोटच आहे ना, आधी ते बघा

म्हाताऱ्या माणसाला वरच्या पोटात दुखलं, छातीखाली दाटलं, घाम आला की पहिला ईसीजी. हार्ट अटॅकसुद्धा असाच "गॅस" बनून येतो, आणि शुगरवाल्यांमध्ये तर जास्तच. ईसीजी ठीक असेल तर मग सोनोग्राफी, आणि तिला सहा ते आठ तास उपाशी जायचं, कारण खाल्लं की पिशवी आकसते आणि आतलं नीट दिसत नाही. आम्ही पहिल्या वेळी आईला चहा-बिस्किट देऊन नेलं आणि परत आलो.

तरुण माणूस उजव्या बरगडीखाली हात धरून ओरडतो, ताप येतो, उलट्या होतात, कुणालाही कळतं. सत्तरीच्या पुढे तसं होईलच असं नाही. पिशवीत पू झाला तरी ताप नसू शकतो, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसू शकतात, फक्त माणूस जेवत नाही, झोपून राहतो, नाहीतर काहीतरी असंबद्ध बोलायला लागतो. आणि आत मात्र प्रकरण झपाट्याने बिघडतं, पिशवी सडते, फुटते. म्हणून वयस्कर माणसाचं जेवण दोन दिवस सुटलं तर "वयानुसार होतं" म्हणून सोडू नका.

डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी झाली किंवा रक्ताच्या रिपोर्टात बिलिरुबिन वाढलेलं आलं तर खडा पिशवीतून सरकून मुख्य नळीत अडकला असण्याची शक्यता असते, आणि हे वयाबरोबर वाढतं. मग एमआरसीपी म्हणजे नळ्यांचा एमआरआय करतात, आणि खडा सापडला तर आधी तोंडातून दुर्बीण टाकून तो काढतात, त्याला ईआरसीपी म्हणतात. ते झालं म्हणजे काम संपलं असं समजून लोक घरी बसतात. तसं करू नका हो, खड्यांचं गोदाम अजून तिथेच आहे. पिशवी त्याच अॅडमिशनमध्ये किंवा नंतर लवकरच काढायची असते.

काढायची की राहू द्यायची

दुसऱ्याच कशासाठी सोनोग्राफी केली आणि खडे निघाले, त्रास काहीच नाही, तर बहुतेक वेळा हात लावत नाहीत. अशा माणसांपैकी वर्षाला शंभरात एक-दोघांनाच त्रास सुरू होतो. पिशवीत १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप (आतल्या बाजूला वाढलेला कोंब) असेल, पिशवीची भिंत चुन्यासारखी कडक झाली असेल, खडा खूप मोठा असेल, तर गोष्ट वेगळी.

पण एकदा खरा अटॅक येऊन गेला की तो परत येण्याची शक्यता बरीच असते. आणि इथेच घरात तो ठरलेला संवाद होतो, "या वयात कशाला चिरफाड". आमच्याकडे मोठ्या काकांनी तेच म्हटलं. मी त्यांना विचारलं, आज दिवसा, सगळ्या तपासण्या करून, शुगर जागेवर आणून करायचं, की सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता पिशवी फुटल्यावर करायचं? वय तेव्हा कमी होणार आहे का? म्हाताऱ्या माणसात ठरवून केलेलं ऑपरेशन आणि इमर्जन्सीत केलेलं ऑपरेशन यांच्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, मला तर वाटतं वयापेक्षाही हाच फरक मोठा.

पूर्वी सूज आली की "आधी थंड करू, दीड महिन्याने काढू" अशी पद्धत होती. आता माणूस भूल सहन करण्यासारखा असेल तर त्याच अॅडमिशनमध्ये, शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांतच काढण्याकडे कल आहे. अगदीच नाजूक पेशंट असेल तर बाहेरून सुई टाकून पिशवीत नळी ठेवतात आणि पू काढतात, पण तो तात्पुरता उपाय आहे. २०१८ साली नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात जास्त धोक्याच्या पेशंटमध्ये नळी आणि दुर्बिणीचं ऑपरेशन यांची तुलना केली, तर मोठी गुंतागुंत नळीवाल्यांत ६५ टक्क्यांना आणि ऑपरेशनवाल्यांत १२ टक्क्यांना झाली. त्यात अगदीच गंभीर पेशंट घेतले नव्हते हे खरं, पण "धोका आहे म्हणून नळीच बरी" हे दरवेळी खरं नसतं एवढं त्यातून कळतं.

खडे विरघळवायचं म्हणाल तर कुळथाचं पाणी, भरपूर पाणी, बिअर वगैरे सगळी चर्चा किडनीच्या खड्याची आहे, पित्ताचा खडा लघवीच्या वाटेवर नसतोच. सफरचंदाचा रस आणि ऑलिव्ह तेल पिऊन हिरवे गोळे पडतात ते त्या तेलाचाच साबण झालेला असतो. उर्सोडिऑक्सीकोलिक अॅसिडची गोळी खरी आहे, पण लहान, कोलेस्टेरॉलच्याच खड्यांवर, महिनोन्‌महिने घेऊन, आणि बंद केली की खडे परत होऊ शकतात.

गोळ्यांची पिशवी वर्तमानपत्रावर उलटी करा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि हे सर्जन करत नाही, घरच्यांना करावं लागतं. घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, ड्रॉवरमधल्या, देवघराजवळच्या, पर्समधल्या, एका पेपरावर पसरा, मागचं बारीक छापलेलं वाचा आणि प्रत्येकीचा फोटो काढा. मामांच्या वेळी आम्हाला कुणीतरी घाईत सांगितलं, "खून पतला करने वाली पाच दिन पहले बंद कर दो." आम्ही केली. आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ मॅडमनी स्ट्रिपा मागवल्या, एक कॅप्सूल उजेडात धरली आणि विचारलं, "ही कसली?" मामा म्हणाले, "ती कोलेस्टेरॉलची." मागे लिहिलेलं होतं रोसुव्हास्टॅटिन, अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, तिन्ही एकाच कॅप्सूलमध्ये. म्हणजे रक्त पातळ करणारी गोळी सकाळपर्यंत चालूच होती. ऑपरेशन आठवडाभर पुढे गेलं, आणि मामा त्या आठवड्यात आमच्याशी धड बोलले नाहीत.

तर साधारण चाल अशी असते. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी थांबवतात, अॅस्पिरिन बहुतेक वेळा, आणि स्टेंटवाल्यांत तर विशेषतः, चालूच ठेवतात. वॉरफरिन पाच दिवस आधी बंद करून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) तपासतात. एपिक्साबान, रिव्हारोक्साबान वगैरे दोन-तीन दिवस आधी, किडनी कमजोर असेल तर आणखी आधी. पण कुठली, कधी बंद आणि कधी परत सुरू, हे हार्टच्या डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या, तोंडी नको. स्टेंट नवीन असेल तर ठरवून करायचं ऑपरेशन सहा महिने ते वर्षभर लांबवायला सांगतात, म्हणून स्टेंटची तारीख फाईलच्या पहिल्याच पानावर असू द्या.

शुगरच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या नावांकडे नीट बघा. या साधारण तीन दिवस आधी बंद करतात, कारण उपाशीपोटी शुगर नॉर्मल दिसत असतानाही रक्तात अॅसिड वाढू शकतं आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मेटफॉर्मिन त्या दिवशी सकाळी देत नाहीत. इन्सुलिनचा डोस कमी करतात, किती ते डॉक्टर सांगतील. बीपीच्या गोळ्यांतली बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलोल वगैरे, बंद करायची नसते, थोड्या पाण्याबरोबर सकाळी घ्यायची, पण टेल्मिसार्टन, रॅमिप्रिलसारख्या बऱ्याचदा त्या दिवशी टाळतात, नाहीतर भुलीत बीपी फार पडतं. थायरॉइडची चालू, दम्याचा पंप चालू, आणि तो पंप हॉस्पिटलात सोबत न्या. वैद्यांचे काढे, पुड्या, लसणाच्या कॅप्सूल, तेही सांगा, लाजू नका, ओरडले तर ओरडले.

फिटनेस आणि पंधरा दिवसांची तयारी

तपासण्या ठरलेल्या असतात: हिमोग्लोबिन, शुगर आणि एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर), किडनीसाठी क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, लिव्हरचे रिपोर्ट, रक्त गोठण्याचा रिपोर्ट, ईसीजी, छातीचा एक्सरे, आणि या वयात बहुधा टू डी इको (हृदयाची सोनोग्राफी). भूलतज्ज्ञांना ऑपरेशनच्या टेबलावर पहिल्यांदा भेटू नका, आधी भेटायला मागा. ते एक साधा प्रश्न विचारतात, दोन जिने दम न लागता चढता का. याचं उत्तर पेशंटने द्यायचं असतं आणि घरच्यांनी खरं करायचं असतं. आई म्हणाली "हो हो", मी मागून मान हलवली.

वेळ असेल तर त्या पंधरा दिवसांत रोज थोडं चालवा, ते तीन रंगीत गोळ्यांचं श्वासाचं खेळणं (स्पायरोमीटर) आधीच आणून सवय करा, डाळ-दही-अंडं जे चालत असेल ते वाढवा. बिडी-तंबाखू आजच बंद. आणि तळलेलं बंद, म्हणजे कचोरी, गराडू, भुट्ट्याच्या किसावरचं तूप, सगळं, कारण तेलकट खाल्लं की पिशवी जोरात आकसते आणि खडा तोंडाशी जाऊन अडकू शकतो.

पैशाचं पटकन सांगते

२०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, कमाई कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. आधारवर वय ७० भरलं पाहिजे, एवढंच. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असणाऱ्यांना ती किंवा हे कार्ड, दोनपैकी एक निवडावं लागतं. हॉस्पिटल योजनेत आहे का आणि *हे* ऑपरेशन तिथे या कार्डावर होतं का, असे दोन वेगळे प्रश्न विचारा. प्रायव्हेट पॉलिसी असेल तर पित्ताच्या खड्याला पहिली एक-दोन वर्षं वेटिंग असू शकतं, ते अॅडमिट व्हायच्या आधी बघा, टीपीएच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या विम्याच्या, खिडकीवर उभं राहून नको.

आदला दिवस आणि सकाळ

रात्री हलकं जेवण. घट्ट खाणं सहा तास आधी बंद, तेलकट जड असेल तर आठ तास, पण साधं पाणी दोन तास आधीपर्यंत बहुतेक ठिकाणी चालतं आणि म्हाताऱ्या माणसाला ते दिलेलंच बरं, रात्रभर कोरडं ठेवलं की सकाळी बीपी पडतं, डोकं फिरतं. तरी तुमच्या भूलतज्ज्ञांना विचारून. कवळी, कानाचं मशीन, चष्मा यांच्यासाठी नाव लिहिलेला एक डबा न्या. मंगळसूत्र, बांगड्या घरीच काढा, तिथे साबण लावून ओढत बसायची वेळ येते आणि रडारड होते.

सहीच्या कागदावर "गरज पडल्यास ओपन" असं लिहिलेलं असतं, ते वाचून घाबरू नका, पण समजून घ्या. वयस्कर माणसांत सूज जुनी असते, सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, त्यामुळे दुर्बीण सोडून पोट उघडायची वेळ तरुणांपेक्षा जास्त वेळा येते. मी सर्जनना विचारलं, आत अवघड निघालं तर काय कराल? ते म्हणाले, नळी नीट दिसली नाही तर मी हट्ट करणार नाही, पिशवीचा थोडा भाग ठेवून बाकीची काढीन नाहीतर ओपन करीन. मला ते उत्तर आवडलं. "आमच्याकडे ओपन होतच नाही" असं छातीठोक कुणी सांगितलं तर मी जरा सावध होईन.

आत काय होतं

पूर्ण भूल देतात. बेंबीपाशी एक छेद, छातीच्या हाडाखाली एक, उजवीकडे दोन बारीक, असे चार. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, दाब साधारण १२ ते १५ (बीपीसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये), पण म्हाताऱ्या हृदयाला तो जड जातो म्हणून बरेच सर्जन हळूहळू भरतात आणि ८ ते १० वर काम चालवतात. त्यात टेबल डोक्याकडून उंच केलेलं असतं, रक्त पायात उतरतं, म्हणून पायात घट्ट मोजे. मग पिशवीची नळी आणि तिची रक्तवाहिनी या दोनच गोष्टी पिशवीत शिरताना स्पष्ट दिसेपर्यंत काहीही कापायचं नाही, हा या ऑपरेशनचा मोठा नियम आहे, कारण चुकून मुख्य पित्तनळी कापली गेली तर पुढचं निस्तरणं फार कठीण असतं. दोन्हींना क्लिपा लावून मधून कापतात, पिशवी लिव्हरपासून सोडवतात आणि छोट्या थैलीत घालून बाहेर. सोपी असेल तर तासाभराचं काम.

मामांना "नवीन प्रयोग" वाटत होता, त्यांना सांगितलं की जर्मनीत १९८५ ला पहिलं झालं आणि मुंबईत जे जे हॉस्पिटलात डॉ. तेहेमटन उडवाडियांनी १९९० लाच केलं. तेव्हा ते जरा शांत झाले.

पहिली रात्र

याबद्दल आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आईचं ऑपरेशन झकास झालं, संध्याकाळी पाणी प्यायली, नातवाशी बोलली, आणि रात्री तीनला उठून सलाईनची नळी ओढत म्हणाली, "अगं दार उघड, महूची गाडी आली, दादा खाली उभे आहेत." दादा म्हणजे तिचे वडील, जाऊन चाळीस वर्षं झाली. मी घाबरून सिस्टरला उठवलं. याला डेलिरियम म्हणतात, वयस्कर माणसांत ऑपरेशननंतर बऱ्यापैकी होतं, आणि बहुतेकांचं थोड्या दिवसांत जातं. वाद घालायचा नाही, "गाडी सकाळी आहे" म्हणायचं आणि हात धरून बसायचं. चष्मा आणि कानाचं मशीन शुद्धीवर आल्याबरोबर परत लावा, घड्याळ दिसेल असं ठेवा, दिवसा पडदे उघडे, रात्री ओळखीचं माणूस जवळ. झोपेची गोळी मागू नका, त्याने बऱ्याचदा वाढतं. पण डॉक्टरांना मात्र लगेच सांगा, कारण त्यामागे लघवी तुंबणं, ऑक्सिजन कमी, सोडियम कमी, शुगर खाली किंवा इन्फेक्शन असू शकतं. आईची लघवीच अडली होती, नळी घातली आणि तासाभरात डोळा लागला. प्रोस्टेटवाल्या पुरुषांत तर हे हमखास बघायचं.

खांदा दुखतो, विशेषतः उजवा. तो हार्टचा नसून पोटात भरलेल्या गॅसने छाती आणि पोटामधल्या पडद्याला झालेला त्रास असतो, दोन-तीन दिवसांत जातो. पण त्याबरोबर घाम, छातीत दाब, दम असेल तर ईसीजी काढायला सांगा. संध्याकाळीच पलंगावरून उठवून खुर्चीत, मग दोन फेऱ्या, आणि ते श्वासाचं खेळणं तासातासाला. दुखण्याला पॅरासिटामॉल वेळेवर द्या. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या किडनी नाजूक असेल तर नकोत आणि ट्रामाडॉलने काहींना भ्रम-उलट्या होतात, तेव्हा इंजेक्शन कसलं, ते विचारायला संकोच करू नका.

घरी आल्यावर

सगळं सरळ असेल तर एक-दोन दिवसांत घरी. डिस्चार्जच्या कागदावर रक्त पातळ करणारी गोळी कुठल्या *तारखेला* सुरू करायची ते लिहून घ्या, आम्ही फ्रिजवर चिकटवलं होतं. खाणं कमी असताना शुगरच्या गोळ्या पूर्ण डोसने दिल्या तर शुगर पडते, म्हणून पहिला आठवडा मशीनवर रोज बघा. बादली, गॅस सिलिंडर, नातू, काहीही जड उचलायचं नाही, चार ते सहा आठवडे. चालणं मात्र रोज.

दुखणं दिवसागणिक कमी व्हायला हवं. उलट वाढत गेलं, पोट फुगलं, ताप, थंडी, सारख्या उलट्या, डोळे पिवळे, लघवी गडद आणि शौच पांढरट, जखमेतून हिरवट-पिवळं पाणी, एका पायाची पोटरी सुजली, एकदम दम लागला, किंवा माणूस पुन्हा भ्रमात गेला, तर सकाळची वाट बघू नका. पित्त गळत असेल तर ते बहुधा पहिल्या आठवड्यातच लक्षात येतं.

पिशवी गेली म्हणून पित्त बंद होत नाही, लिव्हर बनवतच असतो, ते थेंबाथेंबाने सरळ आतड्यात जातं. म्हणून जन्मभर पथ्य नाही. सुरुवातीला मऊ भात, वरण, दलिया, दुधी, थोडं थोडं पण पाच वेळा, मग हळूहळू नेहमीचं. काहींना तेलकटानंतर पातळ जुलाब होतात, बऱ्याच जणांचे आपोआप थांबतात, नाही थांबले तर त्यावर औषध आहे. आईने तिसऱ्या आठवड्यात अर्धी प्लेट पोहे खाल्ले, जिलेबी मी उचलून घेतली.

बाटलीतले खडे ते देतात, मामांनी ते दिवाणखान्यात ठेवले होते आणि आलेल्या प्रत्येकाने मोजले, आकडा दरवेळी वेगळा. पण खड्यांपेक्षा पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट महत्त्वाचा, तो आठ-दहा दिवसांनी येतो आणि कुणी आठवण करून देत नाही. उत्तर भारतात पित्ताशयाचा कॅन्सर तसा जास्त सापडतो आणि क्वचित तो याच रिपोर्टात पहिल्यांदा कळतो, म्हणून टाके बघायला जाल त्या दिवशी तो कागद मागा, वाचून दाखवायला सांगा आणि फाईलला लावा.